नागपुरात जुना वन-बीएचके घेताना: कागदापासून किल्लीपर्यंत

मिहानमध्ये (विमानतळालगतच्या औद्योगिक पट्ट्यात) नोकरी लागते, एम्सला किंवा सरकारी मेडिकल कॉलेजला बदली होते, रेल्वेत नाहीतर बँकेत पोस्टिंग मिळतं, आणि दोन-चार वर्षं भाड्याने काढल्यावर माणूस नागपुरात स्वतःचं घर शोधायला लागतो. बजेट बेताचं असेल तर वाटा दोन. बेसा-बेलतरोडीकडची नवी फ्लॅट स्कीम, किंवा जुन्या वस्तीतला वीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेला वन-बीएचके. हा लेख दुसऱ्या वाटेबद्दल आहे. प्रतापनगर, खामला, बजाजनगर, धंतोली, सुभाषनगर या भागांत अशी छोटी घरं अजून मिळतात. शाळा, दवाखाना, भाजीबाजार पायी अंतरावर असतो आणि मेट्रो आल्यापासून गाडीवाचूनही भागतं.

नव्या माणसाला एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आपल्याकडे लोक घर बघतात, भाव करतात, बयाणा देतात आणि मग कागद वकिलाकडे नेतात. छोट्या फ्लॅटच्या बाबतीत हा क्रम उलटा करा. इमारत कोणत्या कायद्याखाली उभी आहे यावर तुमचा महिन्याचा खर्च, तुमच्या मताचं वजन आणि उद्या इमारत पाडून नवी बांधली तर तुमच्या पदरात काय पडणार, हे सगळं ठरतं. वन-बीएचकेवाल्याला त्याचा फरक सर्वांत जास्त जाणवतो.

पायरी १: इमारतीची जात ओळखा

जाहिरातीत ‘सोसायटी फ्लॅट’ लिहिलेलं असतं. त्यावर विसंबू नका. नागपुरात जुन्या इमारती साधारण तीन प्रकारच्या सापडतात.

पहिला प्रकार म्हणजे नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली येते. संस्थेकडे नोंदणी क्रमांक असतो, उपविधी असतात, निवडलेली समिती असते आणि वर लक्ष ठेवायला सहकारी संस्थांचे उपनिबंधक असतात. इथे तुम्ही संस्थेचे सभासद होता, भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) तुमच्या नावावर होतो आणि त्या भागांसोबत फ्लॅटचा हक्क येतो.

दुसरा प्रकार अपार्टमेंटचा. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम १९७० खाली बिल्डरने घोषणापत्र नोंदवलेलं असतं आणि प्रत्येक फ्लॅटधारकाला स्वतंत्र अपार्टमेंट दस्त करून दिलेला असतो. नागपुरात हा प्रकार भरपूर आहे. मुंबई-पुण्याहून आलेल्या लोकांचा इथेच गोंधळ होतो, कारण त्यांना फक्त सोसायटीची सवय असते. अपार्टमेंटमध्ये भाग दाखला नसतो. दस्तात जमिनीतला तुमचा अविभाज्य हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो.

तिसऱ्या प्रकारात यातलं काहीच नसतं. प्रत्येकाकडे आपापलं विक्रीपत्र, त्यात अविभाज्य हिस्सा नोंदवलेला, आणि जिना झाडायला, पंप चालवायला रहिवाशांनी आपसात काढलेली वर्गणी. कधी एखादी ‘वेल्फेअर असोसिएशन’ असते. असं घर घेऊच नये असं मी म्हणणार नाही, कारण जुन्या नागपुरात चांगली माणसं अशा इमारतींत पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. पण जो वर्गणी देत नाही त्याच्याकडून ती वसूल करायला तिथे कायद्याचा सोपा हात नसतो, आणि मोठ्या दुरुस्तीची वेळ आली की सगळं अडतं. अशा घराचा भाव त्या हिशेबाने कमीच असायला हवा.

आता वन-बीएचकेला फरक कुठे पडतो ते बघा. सहकारी संस्थेत सेवा शुल्क सगळ्या सदनिकांना सारखं असतं. वॉचमन, सफाई, जिन्यातली वीज, लिफ्टची देखभाल यांसाठी तीन बेडरूमवाला जेवढे देतो तेवढेच तुम्ही देता. क्षेत्रफळावर फरक पडतो तो दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंडात (पुढच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी): आदर्श उपविधींप्रमाणे जमीन वगळून बांधकाम खर्चाच्या वर्षाला अनुक्रमे किमान ०.७५ आणि ०.२५ टक्के. पाण्याचं शुल्क नळांच्या संख्येवर आकारतात. अपार्टमेंटमध्ये मात्र सामाईक खर्च अविभाज्य हिश्शाच्या टक्केवारीप्रमाणे वाटला जातो, म्हणजे छोट्या फ्लॅटला कमी. मताचं गणित याच्या बरोबर उलटं. संस्थेत एक सभासद, एक मत. अपार्टमेंटमध्ये मताचं वजनही सहसा हिश्शाप्रमाणे चालतं. म्हणून एका ठिकाणी पैसा थोडा जास्त जातो पण आवाज बरोबरीचा राहतो, दुसऱ्या ठिकाणी पैसा वाचतो पण मोठ्या फ्लॅटवाल्यांचं चालतं. माझा कल संस्थेकडे आहे, विशेषतः इमारत पंचवीस वर्षांच्या पुढची असेल तर. तुमचा कल वेगळा असू शकतो, पण तो बयाण्याच्या आधी ठरवा.

अजून एक फसगत फक्त आपल्याकडचीच म्हणावी अशी. नागपुरात अनेक जुन्या गृहनिर्माण संस्थांनी शेतजमिनी घेऊन ले-आउट पाडले आणि सभासदांना भूखंड विकले. त्या भूखंडावर नंतर एखाद्याने तीन मजली इमारत बांधून फ्लॅट विकले. अशा फ्लॅटच्या कागदात अमुक-तमुक गृहनिर्माण सहकारी संस्थेचं नाव दिसतं, पण ती संस्था भूखंडांची असते, तुमच्या इमारतीची नसते. विकणारा खोटं बोलत असेलच असं नाही, त्यालाही कदाचित माहीत नसेल. संस्थेचा नोंदणी दाखला मागा आणि त्यावरचा पत्ता तुमच्या इमारतीचाच आहे का ते वाचा.

पायरी २: जमीन कोणाची आहे?

मजला कितवाही असो, पाय जमिनीतच आहेत. नागपुरात जमिनीचे प्रकार बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जुन्या शहरात आणि सिव्हिल लाइन्ससारख्या भागांत नझूलची जमीन आहे, म्हणजे सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली. नागपूर सुधार प्रन्यासने, ज्याला सगळे नासुप्र किंवा एनआयटी म्हणतात, १९३६ पासून पाडलेल्या अभिन्यासांत (ले-आउटमध्ये) बरेच भूखंड भाडेपट्ट्यावर आहेत, बहुधा ३० वर्षांच्या मुदतीचे आणि नूतनीकरण होणारे. अशा जमिनीवरचा फ्लॅट घेताना भाडेपट्ट्याची मुदत कधी संपते, नूतनीकरण झालं आहे का, भूभाटक, म्हणजे जमिनीचं भाडं, भरलं आहे का आणि हस्तांतरासाठी परवानगी लागते का, ही चार उत्तरं पट्ट्याच्या मूळ करारात शोधा. नूतनीकरण राहिलेलं असेल तर बँक अडते आणि पुनर्विकासही अडतो.

ले-आउट खाजगी असेल तर नासुप्रचं नियमितीकरणाचं पत्र, ज्याला इथे ‘आरएल’ म्हणतात, ते हवं. परवानगीशिवाय पाडलेले भूखंड नियमित करणारा गुंठेवारी कायदा २००१ सालचा. नियमितीकरणासाठी घेतलेले ५७२ आणि १९०० ले-आउट हे आकडे नागपुरातल्या प्रत्येक दलालाच्या तोंडी असतात. ‘आरएल झालंय’ एवढं तोंडी ऐकून समाधान मानू नका. पत्र हातात घ्या. त्यावरचा मौजा, खसरा क्रमांक आणि भूखंड क्रमांक विक्रीपत्राशी जुळवून पाहा. एका आकड्याचा फरकही वकिलाला दाखवा.

नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका काढा. बाहेर तिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. जमीन आजही मूळ भूखंडमालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असेल, तर संस्थेच्या नावावर अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी देणारा दस्त) झालेलं नाही असा त्याचा अर्थ. ते राहिलं असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव (डीम्ड) अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. बिल्डर सही देत नसला किंवा तो हयात नसला तरी हा मार्ग खुला आहे. संस्थेने अर्ज केला आहे का, प्रकरण कुठवर आलंय, हे सचिवांना विचारा. ‘करू कधीतरी’ असं उत्तर आलं तर ती इमारत अजून बरीच वर्षं दुसऱ्याच्या जमिनीवर उभी राहणार आहे असं धरून भाव बोला.

पायरी ३: वस्ती तीन वेळा बघा

एकदा सकाळी शाळेच्या वेळेला, एकदा संध्याकाळी सातला आणि एकदा जोराचा पाऊस पडून गेल्यावर. रविवारी दुपारी दलाल दाखवतो ती वस्ती झोपलेली असते.

नागपूरच्या जुन्या वस्त्या झपाट्याने बदलत आहेत. बदलाचं सर्वांत मोठं कारण मेट्रो. ८ मार्च २०१९ ला खापरी ते बर्डी गाडी सुरू झाली आणि ११ डिसेंबर २०२२ ला पहिला टप्पा पूर्ण झाला. आता ऑरेंज लाइन खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत, अ‍ॅक्वा लाइन प्रजापतीनगरपासून लोकमान्यनगरपर्यंत आणि दोन्हींचा मिलाफ सीताबर्डीला. मिहानला जाणाऱ्याने छत्रपती चौक, जयप्रकाशनगर, उज्ज्वलनगर या स्थानकांच्या आसपास शोधावं. हिंगणा एमआयडीसीला जाणाऱ्याला सुभाषनगर, वासुदेवनगर, बन्सीनगर सोयीचं. स्थानकापर्यंत मे महिन्यातल्या दुपारी पायी चालून बघा, नकाशावरचं अंतर वेगळं आणि उन्हातलं वेगळं.

मेट्रोच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार बघून जास्त चटई निर्देशांक मिळतो. साध्या बोलीत, तिथे जास्त उंच बांधता येतं. तुमची इमारत त्या पट्ट्यात असेल तर पुनर्विकासाला बिल्डर येण्याची शक्यता वाढते. पण शेजारचा बंगला पडून तिथे उंच इमारत उभी राहण्याची शक्यताही तेवढीच वाढते. पश्चिमेला किंवा दक्षिणेला रिकामा भूखंड किंवा जुना बंगला असेल, तर आजची खिडकीतली हवा उद्या राहील असं गृहीत धरू नका.

धंतोली आणि रामदासपेठेत बदल वेगळ्या प्रकारचा आहे. राहत्या गल्ल्यांत दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, औषधांची दुकानं आली आणि संध्याकाळी गाडी लावायला जागा उरली नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर डॉक्टर पायरीशी असणं मोठं सुख आहे. लहान मूल असेल आणि त्याला खाली खेळायला सोडायचं असेल तर दुसरीकडे बघा.

पावसाबद्दल सविस्तर सांगावं लागेल. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी पात्राबाहेर आली आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत तळमजल्यांत पाणी शिरलं. लोकांचं धान्य, फ्रीज, कपाटं, मुलांची पुस्तकं गेली. हा भाग शहरातल्या चांगल्या वस्तींत मोडतो, म्हणून पुष्कळांना धक्का बसला. नागनदी, पिवळी नदी किंवा एखाद्या नाल्याच्या काठचा तळमजला घेत असाल तर त्या रात्री इथे पाणी कुठवर आलं होतं हे विक्रेत्याला विचाराच, पण किराणा दुकानदाराला, इस्त्रीवाल्या दादांना आणि समोरच्या काकूंनाही विचारा. भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंतच नवा रंग किंवा नव्या टाइल्स दिसल्या तर कारण समजून घ्या.

नदी लांब असली तरी सुटका नाही. सिमेंटचे रस्ते झाले तेव्हा बऱ्याच गल्ल्यांत रस्त्याची पातळी कम्पाउंडपेक्षा वर गेली. त्यामुळे पावसाचं पाणी रस्त्यावरून आत येतं. फाटकाशी उभं राहून रस्ता उंच आहे की अंगण, हे नुसत्या डोळ्यांनीही कळतं.

पायरी ४: घराच्या आत

टेप घेऊन जा. जुन्या व्यवहारांत ‘सुपर बिल्टअप’ आकडा सांगायची पद्धत होती, त्यात जिना आणि बाल्कनीचा वाटाही धरलेला असतो. प्रत्येक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा आणि प्रत्यक्ष चटई (कार्पेट) क्षेत्रावर भाव काढा. दोन घरांची तुलना तेव्हाच खरी होते.

नागपूरचं ऊन विसरून घर घेणारा पहिल्याच नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पस्तावतो. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. वरच्या मजल्यावरचा वन-बीएचके स्वस्त मिळतो, कारण गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडतो. बेडरूम पश्चिमेला असेल तर आणखी कठीण. असं घर दुपारी चारला बघा, भिंतीला आणि छताला हात लावा. गच्चीवर वॉटरप्रूफिंग कधी झालं, उष्णता परतवणारा रंग लावू देतात का, तो खर्च संस्थेचा की तुमचा, हे विचारून घ्या. गच्ची सगळ्यांची असते. तिची गळती दुरुस्त करणं संस्थेचं काम आहे, वरच्या मजल्यावरच्या एकट्याचं नाही.

कूलरची जागा बघा. एका खोलीच्या घरात ती बहुतेक वेळा एकच असते. खिडकीला बाहेरून स्टँड बसतो का, त्याला आत हवा यायला मोकळी बाजू आहे का, पाणी भरायला नळ जवळ आहे का, ओघळ खालच्या मजल्याच्या खिडकीवर पडतो का? शेवटच्या प्रश्नावरून इमारतींत वर्षानुवर्षं भांडणं चालतात. मागच्या उन्हाळ्यात खालच्यांशी काही बोलणं झालं होतं का, हे खालच्यांनाच विचारा.

पाणी: नळाला किती वाजता येतं, किती वेळ राहतं, खालची टाकी केवढी, बोअर आहे का आणि तो मे महिन्यात कोरडा पडतो का. मोरी आणि संडासाच्या खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून या, ओल असेल तर तिथे दिसते. स्लॅबला तडे, सळया उघड्या पडलेल्या, बाल्कनीचं लोंबतं प्लास्टर दिसलं तर स्वतः अंदाज बांधू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे देऊन आणा. लाखोंच्या व्यवहारात ही फी काहीच नाही.

गाडीची जागा लेखी बघा. विक्रेता म्हणेल ‘इथेच लावतो मी, वीस वर्षं झाली’. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे की स्टिल्ट (इमारतीखालची खांबांमधली) आणि मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, ती सामाईक आहे. म्हणून विक्रेत्याची सवय तुमच्याकडे आपोआप येत नाही. संस्थेने ती जागा कोणत्या ठरावाने, कोणत्या अटीवर दिली, ते बघा.

पायरी ५: संस्थेच्या कार्यालयात एक संध्याकाळ

कार्यालय म्हणजे बहुतेक ठिकाणी सचिवांच्या घरातलं एक कपाट. विक्रेत्याला सोबत घेऊन जा. गोड बोला, वेळ घेऊन जा, कारण हे काम ती माणसं बिनपगारी करतात आणि उद्या तीच तुमची शेजारी असणार आहेत. मागायचं ते असं: मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, वार्षिक सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं, सिंकिंग फंडात किती शिल्लक आहे, कोणावर किती थकबाकी आहे, कोर्टात किंवा उपनिबंधकांकडे काही वाद चालू आहे का, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे का.

इतिवृत्तं सर्वांत मन लावून वाचा. लिफ्ट बदलायची आहे, पाइपलाइन सडली आहे, प्रत्येकी अमुक हजार काढायचे ठरलं आहे, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. विक्रेता घर का विकतोय याचं उत्तरही कधीकधी तिथेच सापडतं.

इमारत तीस वर्षांच्या पुढची असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागाच. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि तीसच्या पुढच्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा व्हावी, असं उपविधींत आहे. अहवाल नाही असं उत्तर आलं तर भाव ठरवताना ते मनात ठेवा.

पुनर्विकासाची चर्चा चालू असेल तर दलाल ती मोठ्या आवाजात सांगेल. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांप्रमाणे एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. तेवढा ठराव झाला आहे का, विकासक ठरला आहे का, करार नोंदवला आहे का, की फक्त जिन्यातल्या गप्पा आहेत? नवं क्षेत्र सहसा सध्याच्या चटई क्षेत्राच्या प्रमाणात देऊ करतात, म्हणून वन-बीएचकेच्या वाट्याला पुन्हा वन-बीएचकेच येतो, थोडा मोठा. ‘टू-बीएचके मिळणार’ या आशेवर आज जादा पैसे मोजू नका.

पायरी ६: विक्रेत्याचे कागद

बिल्डरच्या पहिल्या विक्रीपत्रापासून आजच्या मालकापर्यंतची सगळी साखळी हवी, प्रत्येक कडी नोंदणीकृत. सहकारी संस्था असेल तर मूळ भाग दाखला बघा. त्याच्या मागच्या बाजूला आधीच्या हस्तांतरांच्या नोंदी असतात आणि शेवटचं नाव तुमच्या विक्रेत्याचं असायला हवं. मूळ दाखला नाही, झेरॉक्स आहे असं सांगितलं तर तो बँकेत गहाण असू शकतो. गहाण असणं वाईट नाही, पण मग बँकेकडून शिल्लक कर्जाचं पत्र घेऊन रक्कम थेट बँकेत भरायची व्यवस्था करावी लागेल.

मालक वारलेले असतील तर विशेष सावध. मुलगा म्हणतो ‘मी नॉमिनी आहे’. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, किंवा बाकीच्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र. नागपूरबाहेर, परदेशात राहणारी बहीण असेल तर तिचीही. आममुख्त्यारपत्रावर (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर) कोणी विकत असेल तर ते नोंदणीकृत आहे का, देणारी व्यक्ती हयात आहे का, हे तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

वकिलाकडून तीस वर्षांच्या दस्तनोंदींचा सर्च घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या. मनपाच्या मालमत्ता कराची, विजेची आणि पाण्याची शेवटची बिलं, संस्थेचा थकबाकी नसल्याचा दाखला, एवढं जमवलं की पुढे जा.

पायरी ७: पैशांचा खरा हिशेब

समजा भाव ३० लाख ठरला. मुद्रांक शुल्क स्थानिक संस्थेचा आणि मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्क्यांच्या घरात जातं, म्हणजे २ लाख १० हजारांच्या आसपास. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. सरकारच्या वार्षिक बाजारमूल्य तक्त्यातली किंमत तुमच्या भावापेक्षा जास्त निघाली तर शुल्क त्या किमतीवर लागतं. राहत्या घराची खरेदी फक्त महिलेच्या नावावर केली तर शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे. या उदाहरणात ३०,००० रुपये वाचतात, म्हणून घरात याचा विचार जरूर करा.

३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. जुन्या इमारतीला ती बहुतेक वेळा तेवढी जात नाही. मुद्रांक, नोंदणी, वकील, दलाली हे सगळं खिशातून द्यावं लागतं. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस इमारतीचं वय आणि मंजूर नकाशा बघतो. बाल्कनी आत घेऊन खोली मोठी केली असेल तर ती जागा तो धरत नाही. म्हणून बयाण्याआधीच दोन बँकांत इमारतीचं नाव सांगून विचारा. त्याच इमारतीत आधी कोणत्या बँकेने कर्ज दिलंय हे शेजारी सांगतात, आणि तिथून काम सर्वांत लवकर होतं.

पायरी ८: बयाणा आणि रजिस्ट्री

बयाणा रोख देऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. चेक किंवा बँक ट्रान्सफर, आणि सोबत लेखी करार. करारात ठरलेली किंमत, रजिस्ट्रीची तारीख, ताबा कधी, कर्ज नामंजूर झालं तर बयाणा परत, आणि त्या तारखेपर्यंतची सगळी थकबाकी विक्रेत्याची, एवढं स्पष्ट लिहा. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची, वन-बीएचकेत ही वेळ क्वचित येते.

रजिस्ट्रीच्या दिवशी आधार, पॅन, ओळख पटवणारी दोन माणसं आणि शांत डोकं घेऊन जा. दस्त छापण्याआधी फ्लॅट क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, चतुःसीमा, मौजा आणि खसरा क्रमांक, तसंच अविभाज्य हिश्शाची टक्केवारी बोट ठेवून वाचा. चूक राहिली तर चूक दुरुस्ती पत्रासाठी पुन्हा विक्रेत्याला शोधत फिरावं लागतं. नोंदणी झाली की सूची क्रमांक २ (इंडेक्स टू) ची प्रत काढून ठेवा.

पायरी ९: नाव लागेपर्यंत थांबू नका

किल्ली हातात आली की लोक पडदे लावायला लागतात आणि कागद तसेच राहतात. सहकारी संस्थेत विक्रेत्याने हस्तांतराची १५ दिवसांची सूचना द्यायची असते, आणि तुम्ही विहित नमुन्यात सभासदत्वाचा अर्ज करायचा असतो. प्रवेश शुल्क १०० रुपये, हस्तांतर शुल्क ५०० रुपये, आणि मनपा हद्दीत हस्तांतर अधिमूल्य (प्रीमियम) जास्तीत जास्त २५,००० रुपये. विकास निधी, देणगी, रंगरंगोटी अशा नावांखाली याहून जास्त मागितलं तर नम्रपणे लेखी मागणी मागा. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर कायद्याने तुम्ही सभासद झाल्याचं मानलं जातं. नकार दिला तर कारण द्यावं लागतं, आणि त्याविरुद्ध उपनिबंधकांकडे दाद मागता येते. जात, धर्म, खाणंपिणं, एकटी राहणारी बाई, ही कारणं चालत नाहीत. कोणी तोंडी असं काही सुचवलं तर घाबरून व्यवहार सोडू नका, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

पुढे घर भाड्याने द्यायचं झालं तर संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, भाडेकराराची प्रत देऊन कळवावं लागतं. घर भाड्याने दिल्याबद्दलचं बिनवहिवाट शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

मनपाच्या झोन कार्यालयात मालमत्ता करावर नामांतर करा. शहरात दहा झोन आहेत, तुमचा कोणता ते कराच्या बिलावर छापलेलं असतं. महावितरण आणि पाण्याच्या मीटरवर नाव बदला. वीजबिल जुन्या मालकाच्या नावावर राहिलं तर पुढे पत्त्याच्या पुराव्यापासून सगळीकडे अडचण होते.

भाग दाखल्याच्या मागच्या बाजूला तुमचं नाव लिहून, सही-शिक्क्यासह मूळ दाखला परत आला की त्याच आठवड्यात नामनिर्देशनाचा अर्ज तीन प्रतींत संस्थेकडे द्या. पहिल्या नामनिर्देशनाला शुल्क नाही. समितीच्या सभेत त्याची नोंद झाली की एक प्रत सहीनिशी तुमच्याकडे परत येते, ती विक्रीपत्राच्या फाइलमध्येच लावा आणि फाइल कुठे ठेवली आहे हे घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवून ठेवा.